‘डिकोडिंग टेबल’साठी तक्ता, सारणी की कोष्टक?

प्रश्न असा आहे: फाइली झिप आणि अनझिप करणाऱ्या एका सॉफ्टवेअरची माहितीपुस्तिका मराठीत आणताना ‘डिकोडिंग टेबल’साठी कोणता शब्द योजावा? प्रश्नकर्त्यांना ‘विसंकेतन तक्ता’ आणि ‘डिकोडिंग सारणी’ असे दोन पर्याय सुचवले गेले आहेत, पण दोन्हींनी त्यांचे समाधान झालेले नाही. माझे मत ‘उकलकोष्टक’ या शब्दाला आहे. ते का, हे सांगण्यासाठी आधी ती वस्तू जवळून पाहावी लागेल, कारण इथे शब्दाची निवड वस्तूच्या घडणीवरच अवलंबून आहे.

फाइल लहान करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या, डेव्हिड हफमन यांनी १९५२ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत वारंवार येणाऱ्या चिन्हाला आखूड आणि क्वचित येणाऱ्या चिन्हाला लांब संकेत मिळतो. ‘काकाकुवा’ हा शब्द घेऊ. त्यात ‘क’ तीनदा, काना तीनदा, उकार एकदा आणि ‘व’ एकदा येतो. ‘क’ला ०, कान्याला १०, उकाराला ११० आणि ‘व’ला १११ असे संकेत दिले, तर सगळा शब्द ०१००१००११०११११० अशा पंधरा बिटांत, म्हणजे शून्य-एकच्या पंधरा अंकांत, मावतो. आता अडचण अशी, की उकलणाऱ्या प्रोग्रामला एक संकेत कुठे संपतो आणि पुढचा कुठे सुरू होतो हे सांगणारी कोणतीही खूण मध्ये नाही. एकेक बिट तपासत जाणे शक्य आहे, पण ते संथ होते. म्हणून, सर्वांत लांब संकेत तीन बिटांचा असल्याने, तीन बिटांच्या आठ शक्यतांसाठी शून्य ते सात अशा क्रमांकांचे आठ कोठे आधीच भरून ठेवतात. हेच ते ‘डिकोडिंग टेबल’. शून्य ते तीन या चारही कोठ्यांत ‘क, एक बिट खर्च’ अशी एकच नोंद असते. चार आणि पाच या कोठ्यांत ‘काना, दोन बिट’. सहाव्यात ‘उकार, तीन बिट’ आणि सातव्यात ‘व, तीन बिट’. प्रोग्राम पुढचे तीन बिट उचलतो, म्हणजे ०१०, द्विमान पद्धतीत ती संख्या दोन म्हणून थेट दुसऱ्या क्रमांकाच्या कोठ्यात जातो, ‘क’ घेतो आणि एकच बिट पुढे सरकतो. पुढचे तीन बिट १००, म्हणजे चौथा कोठा आणि काना. आता तो दोन बिट सरकतो.

‘कोष्टक’ या शब्दाच्या मुळाशी संस्कृत ‘कोष्ठ’ आहे, आणि आपले कोठा, कोठी, कोठार हे शब्द त्याच घरातले. क्रमांक सांगितला की त्या कोठ्यातली वस्तू हाती यावी, ही कल्पना या शब्दात मुळातच आहे. ‘तक्ता’ मूळचा फारसी, फळी या अर्थाचा. बाराखडीचा किंवा मोडीचा तक्ता भिंतीवर लावतात आणि त्यावरून नजर फिरवून हवे ते शोधतात. प्रोग्राम नजर फिरवत नाही, शोधतही नाही, म्हणून ‘तक्ता’ मला इथे पटत नाही.

‘सारणी’चा दावा मात्र भक्कम आहे, आणि तो मी सहजासहजी बाजूला सारत नाही. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी सोळाव्या शतकात ‘तिथिचिंतामणी’त पंचांगासाठी ज्या सारण्या रचल्या, त्यांचा हेतू हाच होता: गणित एकदा करून ठेवावे आणि पुढे प्रत्येक वेळी नुसते उत्तर उचलावे. तरीही आजच्या शालेय मराठीत ‘सारणी’ म्हटले की वारंवारता सारणी आठवते, आणि संकेत ठरवताना कोणते चिन्ह किती वेळा आले याची नेमकी तशीच सारणी याच पुस्तिकेत लागणार आहे. तो शब्द तिथे राखून ठेवावा. हिंदीत ‘कोष्ठक’ म्हणजे कंस, त्यामुळे हिंदीला तिथे अडचण येते. मराठीत कंसाला कंस हा स्वतंत्र शब्द असल्याने आपल्याला ती नाही.

‘कोष्टक’ घेतल्याचा आणखी एक लाभ आहे. झिप फाइलींत सर्रास वापरल्या जाणाऱ्या डिफ्लेट पद्धतीत संकेत पंधरा बिटांपर्यंत लांब असू शकतो. एकच कोष्टक करायचे तर ३२,७६८ कोठे भरावे लागतील, आणि त्यांतले बहुतेक त्याच त्या नोंदींचे असतील. म्हणून झेडलिब या सॉफ्टवेअर लायब्ररीत (इतर प्रोग्रामांना वापरता येणाऱ्या तयार कोडच्या संग्रहात) अक्षरांसाठी पहिले कोष्टक जास्तीत जास्त नऊ बिटांचे, म्हणजे ५१२ कोठ्यांचे असते, आणि त्याहून लांब संकेत लागला तर तो कोठा दुसऱ्या, लहान कोष्टकाकडे पाठवतो. या लहान कोष्टकाला ‘उपसारणी’पेक्षा ‘पोटकोष्टक’ म्हणावे. पोटकलम, पोटनियम, पोटजात या शब्दांच्या ओळीत तो अगदी सहज बसतो.

आता ‘उकल’. गाठ उकलतात आणि घडी उलगडतात, हा फरक आपल्या बोलण्यात पक्का आहे. डिफ्लेटमध्येही दोन वेगळी कामे असतात: आधी बिटांतून चिन्हे ओळखायची आणि मग ‘इतके मागे जाऊन इतकी अक्षरे पुन्हा लिही’ अशा सूचना पाळून मूळ मजकूर पसरायचा. पहिल्या कामाला ‘उकलणे’ आणि संपूर्ण क्रियेला ‘उलगडणे’ म्हटले, तर ‘विसंकेतन’ (डिकोडिंग) आणि ‘विसंपीडन’ (डिकंप्रेशन) या दिसायला सारख्या जोडीमुळे होणारा गोंधळ टळतो. समीकरणाच्या उत्तरालाही ‘उकल’ म्हणतात हे खरे, पण फाइलींच्या पुस्तिकेत तो अर्थ कोणी घेणार नाही.

‘उकलकोष्टक’ जोडून लिहावे. अनेकवचन उकलकोष्टके, सामान्यरूप उकलकोष्टका-. फाइलीत फक्त संकेतांच्या लांब्या येतात आणि कोष्टक उलगडणारा प्रोग्राम स्वतः भरतो, म्हणून पुस्तिकेतले वाक्य असे होईल: ‘फाइलीतून संकेतांच्या लांब्या वाचल्यावर प्रोग्राम स्मृतीत उकलकोष्टक तयार करतो आणि लांब संकेतांसाठी त्याला पोटकोष्टके जोडतो.’