रॉड कोण धरणार ते सगळ्यात शेवटी ठरवा

हॅलो रे,

तुझा मेसेज वाचला. चौघं मिळून वीकेंडला बीचवरून शार्क फिशिंगला चाललाय, दोन रात्री तंबूत काढणार, नवीन रील घेतलंय आणि त्याचे फोटो तर तू चारही बाजूंनी काढून पाठवलेस. रील झकास आहे, त्यात वाद नाही. पण एवढ्या मोठ्या मेसेजमध्ये शार्क गुडघाभर पाण्यात आल्यावर तुम्ही चौघं नक्की काय करणार यावर एक ओळ नाही, म्हणून हे लांबलचक लिहायला बसलोय, सावकाश वाच आणि बाकीच्या तिघांना पण वाचायला दे.

गळाला शार्क लागणं हे तू समजतोस तेवढं अवघड नाही. ताजं आमिष, बरी जागा आणि रात्रभर जागायची तयारी असली की आज ना उद्या लागतोच. खरी परीक्षा असते ती तो काठाशी आल्यापासून परत खोल पाण्यात जाईपर्यंतची दोन-तीन मिनिटं, आणि तिथे नवीन पोरांची टीम हमखास गडबडते, कारण प्रत्येकाला रॉडच धरायचा असतो आणि पक्कड कुठे ठेवलीय ते कोणालाच माहीत नसतं. एकजण ओरडतो, दुसरा मोबाईल शोधतो, तिसरा उगाच पाण्यात पळतो, आणि शार्क बिचारा वाळूवर.

म्हणून आधी कामं वाटून घ्या. एकजण रॉडवर. एकजण लीडर, म्हणजे लाईनच्या टोकाचा गळाजवळचा मजबूत भाग, धरणार, हातमोजे घालून, आणि त्याने लीडर हाताभोवती कधी म्हणजे कधीच गुंडाळायचा नाही, मुठीत पकडायचा, म्हणजे माशाने हिसका दिला तर नुसता सोडून देता येतो. तिसरा शेपटीजवळ. चौथ्याकडे हत्यारं, म्हणजे लांब दांड्याची पक्कड आणि बोल्ट कटर, आणि ती त्याच्या कमरेला असली पाहिजेत, बॅगेत नाही. फोटो जमला तर तोच चौथा काढेल, नाही जमला तर नाही. आणि माझं ऐकशील तर पहिल्या रात्री रॉड तू धरूच नकोस. तू शेपटीजवळ उभा राहा. रील तुझंच आहे, कुठे पळून जात नाही, पण मासा हाताळायला तू तिथे शिकशील, रॉडला लटकून नाही.

आता सामानाचं. रील आणि रॉडबद्दल तू एवढं वाचलंयस की मी काही बोलत नाही, फक्त ड्रॅग, म्हणजे मासा लाईन ओढताना रील तिला किती जोराने अडवतं ते, अंदाजाने लावू नकोस, ताणकाटा लावून मोज. लाईन जितक्या ताणाला तुटते त्याच्या साधारण एक तृतीयांश, म्हणजे 60 पाउंडाच्या लाईनला 20 च्या आसपास. लीडरवर मात्र खरंच डोकं घाल. गळाजवळचा मीटर-दीड मीटर भाग स्टीलच्या तारेचा, कारण दात. त्याच्या पुढे तीन-चार मीटर जाड मोनो, म्हणजे एकपदरी नायलॉनची दोरी, कारण कातडी. शार्कच्या अंगावर खवल्यांऐवजी दातांसारखे बारीक काटे असतात, डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवला तर गुळगुळीत लागतं आणि उलटा फिरवला की पॉलिश पेपर. मासा वळून पळायला लागला की लाईन त्या अंगावर घासते, वरून शेपटीचे फटके बसतात, आणि नुसती बारीक लाईन असेल तर ती गेली. मग तो मासा तोंडात गळ आणि मागे लोंबती तार घेऊन फिरणार. म्हणून तार आणि मोनो मिळून लीडर माशाच्या लांबीपेक्षा मोठा पाहिजे, हा नियम पाठ कर.

गळ सर्कल हुकच घ्यायचा, स्टेनलेस नाही, आणि टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीने चेपून टाकायचा. सर्कल हुकचं टोक आत वळलेलं असतं, त्यामुळे माशाने गिळला तरी तो घशात सहसा रुतत नाही, मासा दूर जायला लागला की सरकत येऊन जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. पण त्यासाठी तुला गप्प बसावं लागेल, आणि तेच सगळ्यात कठीण आहे. रात्री सगळं शांत, रॉड होल्डरमध्ये, रीलचा क्लिकर, म्हणजे लाईन सुटली की वाजणारी कळ, लावलेला. आधी एकदा टिक टिक होतं, थांबतं, परत दोन टिक, तुझ्या हाताला खाज सुटते, आणि मग एकदम कर्रर्र करत लाईन सुटायला लागते. तेव्हा झटका मारायचा नाही. हळूच ड्रॅग वर आण, लाईन ताठ होऊ दे, रॉड वाकून तसाच वाकलेला राहिला की समज बसला गळ. झटका मारलास तर आमिषासकट सगळं तोंडातून बाहेर येतं आणि मग मित्र आयुष्यभर ऐकवतात.

आमिष ताजं घ्या. बोय, बांगडा, पाकटीचा तुकडा, काहीही चालेल पण रक्त असलेलं. पाकट वापरणार असाल तर शेपटीचा काटा आधी छाटून टाका.

जागा दिवसा बघायची, भर ओहोटीला. काठाला समांतर वाळूचे बांध असतात आणि दोन बांधांच्या मध्ये खोल चर. लाट बांधावर फुटते आणि चरावर पुन्हा सपाट होते, तेवढं बघितलंस तरी नकाशा तयार. लहान मासे चरातून फिरतात आणि ब्लॅकटिपसारखे शार्क त्यांच्या मागे, संध्याकाळी आणि पहाटे तर अगदी पहिल्या चरापर्यंत. त्यामुळे तुझ्या मित्राची ती कयाकमधून आमिष तीनशे मीटर आत नेऊन टाकायची आयडिया या ट्रिपला राहू दे. अंधारात, फुटत्या लाटांमधून, मांडीवर रक्ताळलेलं आमिष आणि पायाशी गळ घेऊन कयाक उलटली तर काय होईल याचा विचार कर. कास्ट करून पोचतं तिथे दीड मीटरचा शार्क मिळतो आणि पहिल्यांदा तेवढा भरपूर झाला.

तुमच्यातला एकजण म्हणे राक्षसच पकडायचा म्हणतोय. त्याला सांग, 1964 साली अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनात चेरी ग्रोव्हच्या पिअरवरून, म्हणजे समुद्रात गेलेल्या लांब धक्क्यावरून, वॉल्टर मॅक्सवेल नावाच्या माणसाने 1,780 पाउंडाचा टायगर शार्क पकडला, म्हणजे 807 किलो, रॉड आणि रीलवर. तो विक्रम कितीतरी वर्षं टिकला. पण तो काळ वेगळा होता, आणलेला मासा टांगून फोटो काढायचा हाच रिवाज होता. आज शार्क आणि पाकटींच्या एक तृतीयांशाहून जास्त जाती धोक्यात आहेत. डस्की शार्कच्या मादीला वयात यायलाच जवळजवळ 20 वर्षं लागतात, म्हणजे तुझ्याएवढी होईपर्यंत तिला पिल्लंच नसतात. असा मासा आपल्या एका फोटोपायी मेला तर ती भरपाई कोण करणार?

आणि मरतो तो बहुतेक वेळा आपल्या डोळ्यांसमोर नाही, सोडल्यावर मरतो. झुंज जितकी लांबते तितकं त्याच्या रक्तात ॲसिड साठतं, आणि वरून छान पोहत गेलेला दिसला तरी तासाभराने खाली बसतो. म्हणून 'हलक्या लाईनवर जास्त मजा येते' असं कोणी सांगितलं तर त्याचं ऐकू नकोस, जड सामान लावा आणि लवकर आत आणा. पाणी फार गरम असेल तर आणखी घाई, कारण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी असतो. हॅमरहेड, म्हणजे हातोड्यासारख्या डोक्याचा शार्क, लागला तर विषयच वेगळा, तो इतक्या पटकन कोलमडतो की ओळखल्याक्षणी लीडर गळाजवळ कापायचा, मोजणं नाही, फोटो नाही.

आता ती दोन-तीन मिनिटं. शार्क पाण्यातच ठेवायचा, कोरड्या वाळूवर ओढायचा नाही. त्याला हाडं नसतात, सगळा सांगाडा कूर्चेचा, आतले अवयव सांभाळायला बरगड्यांचा पिंजरा नाही, त्यामुळे बाहेर काढला की स्वतःच्याच वजनाखाली आतून दबतो. शिवाय यातल्या बऱ्याच जातींना श्वासासाठी पोहत राहावं लागतं, थांबला की कल्ल्यांवरून पाणी वाहायचं थांबलं. शेपटीला धरून उचलायचं नाही, मणका जातो. कल्ल्यात बोटं तर घालायचीच नाहीत. शेपटीवाल्याने पराच्या मागे उभं राहायचं आणि डोकं कुठेय त्यावर नजर ठेवायची, कारण हा प्राणी इतका लवचिक आहे की वळून स्वतःच्या शेपटीपर्यंत तोंड आणू शकतो. पक्कड जवळ आली की त्याच्या डोळ्यावर खालून एक पांढरट पडदा सरकतो, पहिल्यांदा बघितलास की जरा गलबलतं, पण तेव्हाच हात थरथरू द्यायचा नाही. गळ दिसतोय आणि सहज निघतोय तर काढा, नाही तर बोल्ट कटरने गळच तोडा, तेही नाही जमलं तर तार जितकी जवळून कापता येईल तितकी कापा. मग तोंड समुद्राकडे करून कमरेइतक्या पाण्यापर्यंत चालत न्यायचं, लाट येऊ दे, कल्ल्यांवरून पाणी जाऊ दे, आणि त्याने स्वतःहून शेपूट मारली की हात सोड. धरून ठेवायचा मोह होतो. नको.

एक काम मात्र माझ्यासाठी करा, शुक्रवारी दुपारी वाळूत एक ओंडका टाकून हे सगळं चौघांनी खोटं खोटं करून बघा. हसाल, पण रात्री दोनला हेडलॅम्पच्या उजेडात तेच कामाला येतं.

नियम आधी वाचून घ्या, जिथे जाल तिथले, कारण प्रत्येक किनाऱ्याचे वेगळे. उदाहरणार्थ फ्लोरिडात 2019 च्या जुलैपासून काठावरून शार्क पकडायला वेगळं परमिट लागतं, त्यासाठी ऑनलाईन कोर्स करावा लागतो, बीचवरून पाण्यात चारा टाकून शार्क बोलवायला बंदी आहे, आणि संरक्षित जाती पाण्याबाहेर काढायच्याच नाहीत. म्हणून कुठेही जाण्याआधी तिथल्या पाच-सहा जाती नीट ओळखायला शिका, पराचा आकार, नाकाचा आकार, पाठीवर दोन परांमध्ये उंचवटा आहे का, एवढं बघितलं तरी बरंच कळतं. टॅगिंगची, म्हणजे माशाला ओळखचिठ्ठी लावून सोडण्याची, आवड लागली तर अमेरिकेत 1962 पासून मच्छीमार स्वतः शार्कना टॅग लावून शास्त्रज्ञांना माहिती देतात, तो उपक्रम बघून ठेव, पण पुढच्या वर्षी, आत्ता नाही. आणि जिथे लोक पोहतात त्याच्या आसपास गळ टाकायचा नाही, हे कुठल्या नियमात लिहिलेलं असो वा नसो.

घरच्यांना शार्कची भीती वाटतेय असं तू लिहिलंयस. मला शार्कपेक्षा पाण्याची जास्त वाटते. बांधाच्या मधल्या खिंडीतून पाणी जोरात बाहेर ओढतं, त्यात सापडलात तर काठाकडे पोहत दमू नका, काठाला समांतर पोहा आणि ओढ संपली की आत या. रात्री एकट्याने कमरेच्या वर जायचं नाही. उथळ पाण्यात चालताना पाय उचलून टाकू नका, घासत चला, म्हणजे वाळूत बसलेली पाकट आधीच निघून जाते. बॅगेत बँडेजपट्ट्यांबरोबर एक टुर्निकेट, म्हणजे रक्त थांबवायला आवळून बांधायचा पट्टा, पाहिजेच, आणि ते कसं बांधायचं ते चौघांनाही यायला हवं, कारण ज्याला येतं नेमका त्यालाच लागलं तर? सगळ्यात जवळचं हॉस्पिटल मोबाईलमध्ये आधीच सेव्ह करा, बीचवर नेटवर्क असेलच असं नाही. आणि दारू शेवटचा रॉड गुंडाळल्यावर. यावर वाद घालणारा मित्र असेल तर त्याला या खेपेला घरीच ठेवा, तिघंही पुरतात, मग एकच रॉड लावा.

बाकी दोन रात्रींत काहीच लागलं नाही असं पण होऊ शकतं. तसं झालं तर रविवारी वैतागून भलत्या ठिकाणी कास्ट मारत बसू नका, झोप काढा, ड्राइव्ह लांबचा आहे.

गुरुवारपर्यंत मला दोन गोष्टी पाठव, लीडर बांधून जमिनीवर सरळ पसरून शेजारी टेप लावलेला फोटो, आणि कोण कुठे उभं राहणार त्याची नावं. क्रिंप, म्हणजे तार जोडायच्या धातूच्या बारीक नळ्या, नीट दाबले गेलेत का ते फोटोत दिसलं पाहिजे, नसतील तर शुक्रवारी सकाळी पुन्हा बांधायला तुला वेळ मिळेल.

तुझा,
काका