तीन वर्षांच्या मुलीसाठी प्राण्यांच्या सचित्र कवितांचे पुस्तक कसे निवडावे?

आपल्या मुलीला अजून अक्षरओळख नाही, त्यामुळे कविता तिच्या कानांसाठी आणि चित्र तिच्या डोळ्यांसाठी असते. म्हणून पुस्तक विकत घेण्यापूर्वी एक पान मोठ्याने वाचून पाहावे. लय कोठे अडखळली, किंवा केवळ यमक जुळवण्यासाठी ओळीत एखादा निरर्थक शब्द कोंबलेला आढळला, तर ते पुस्तक बाजूला ठेवावे, कारण अशी कविता मुलांच्या तोंडी बसत नाही.

चित्रांबाबत मी अधिक आग्रही आहे. कवितेत आधीच सांगितलेली गोष्टच पुन्हा दाखवणाऱ्या चित्रापेक्षा, ओळींत नसलेले काही दाखवणारे चित्र मुले पुन्हा पुन्हा पाहतात. प्राणी बोलले, टोपी घालून फिरले, तरी मला ते आवडते. मात्र त्यांची शरीररचना खरी असावी. डरावणाऱ्या नर बेडकाच्या गळ्याखाली फुगणारी पिशवी, किंवा गाणारा कोकीळ काळा आणि त्याची मादी तपकिरी, ठिपक्यांची, हे चित्रकाराने नीट पाहून रंगवले असेल, तर मूल पुढे तोच पक्षी झाडावर ओळखू शकते.

ज्योत्स्ना प्रकाशन आणि नॅशनल बुक ट्रस्ट यांची मराठी बालपुस्तके अवश्य चाळावीत. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर 2015 पासून सचित्र पुस्तके विनामूल्य वाचता येतात, त्यांत मराठी पुस्तकेही आहेत. तथापि या वयात शक्यतो छापील पुस्तकच द्यावे, म्हणजे तिला स्वतः पाने उलटता येतील.