मगर आ वासून का पडते, आणि वटवाघूळ शू कशी करतं?

या वेळी आलेल्या प्रश्नांत निम्मे मगरीचे आहेत. वडोदऱ्यात ते व्हायचंच. शाळेच्या रिक्षातून पूल ओलांडताना खाली मगर दिसते, तिथल्या मुलांना सिंहाचं फार अप्रूप कुठून असणार? म्हणून सुरुवात विश्वामित्री नदीपासून.

काळाघोड्याच्या पुलावरून मगर दिसली. ती अर्धा तास तोंड उघडून नुसती पडून होती. ती चिडली होती का? आणि तिचं तोंड दुखत नाही का?
(इयत्ता चौथीतली मुलगी, दांडिया बाजार)

चिडलेली नव्हती, ऊन खात होती. आपलं शरीर आतून गरम राहतं, मगरीचं राहत नाही. तिला उष्णता बाहेरून घ्यावी लागते, म्हणून थंडीच्या दिवसांत सकाळी ती काठावर येऊन पडते. पाठीवरच्या खवल्यांखाली हाडांच्या चकत्या असतात आणि त्यांतून रक्त फिरतं, त्यामुळे पाठ तव्यासारखी तापते. पण पाठ तापली तरी डोकं फार तापून चालत नाही. तोंडाच्या आतली कातडी पातळ आणि ओलसर. तोंड उघडं ठेवलं की तिथलं पाणी उडून जातं आणि डोकं थंड राहतं. माठातलं पाणी गार होतं ते याच रीतीने. मगरी कधीकधी रात्रीही आ वासतात, तेव्हा ऊन हे एकच कारण नाही. पण तू पाहिलंस ते उन्हातलंच.

आता दुखण्याचं. ते मगरच जाणे, पण जबड्याची एक गंमत आहे. मगरीचा जबडा मिटणारे स्नायू प्रचंड ताकदीचे, उघडणारे मात्र अगदी लेचेपेचे. म्हणून मगर पकडणारी मंडळी आधी तिच्या डोळ्यांवर ओलं पोतं टाकतात आणि मग जबडा दोरीने किंवा चिकटपट्टीने बांधतात. एकदा बांधला की तिला तो उघडता येत नाही. (हे वाचून कुणी दोरी शोधायला उठू नये. बांधण्याआधीचं काम अवघड असतं, आणि शेपटीचा फटका राहतोच.)

पुढच्या वेळी पुलावरून नीट बघ: पाण्यातल्या मगरीचं काय काय वर दिसतं? नाकपुड्या, डोळे आणि डोळ्यांमागे कानांच्या फटी. बाकी सगळी मगर पाण्याखाली. तिच्या घशाशी एक पडदा असतो. तो बंद झाला की पाण्यात तोंड उघडलं तरी पाणी नरड्यात जात नाही.

मगरीच्या पिल्लांत मुलगा की मुलगी हे उन्हावर ठरतं, असं ताई म्हणते. खरं का?
(इयत्ता सहावीतला मुलगा, रावपुरा)

ताईचं बरोबर आहे. मादी साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये काठावरच्या मातीत खड्डा करून 25-30 अंडी घालते. अंड्यातलं पिल्लू नर होणार की मादी, हे त्या मातीच्या तापमानावर ठरतं. 31 अंश किंवा त्याहून कमी असेल तर माद्या, 32.5 च्या आसपास असेल तर बहुतेक नर. दीड अंशाचा फरक, आणि बहिणीचा भाऊ होतो! म्हणूनच खड्डा किती खोल आणि सावली किती, याला एवढं महत्त्व. नदीकाठचं झाड तोडलं की खालची माती तापते, हेही ताईला सांग.

दोनेक महिन्यांनी पिल्लं अंड्यांतूनच आवाज करू लागतात. तो ऐकून आई माती उकरते आणि पिल्लांना तोंडात धरून पाण्यात नेऊन सोडते. म्हैस फाडणारा तोच जबडा, पण पिल्लाला ओरखडासुद्धा उठत नाही.

मगरींची आणखी एक युक्ती 2013 मध्ये शास्त्रज्ञांनी लिहून प्रसिद्ध केली. बगळ्यांच्या घरटी बांधण्याच्या दिवसांत मगरी नाकावर काटक्या ठेवून पाण्यात निश्चल पडतात. बगळा काटकी उचलायला आला की खटक! सरपटणारा प्राणी एखादी वस्तू आमिष म्हणून वापरतो, अशी नोंद तोवर कुणी केली नव्हती.

आई-बाबांसाठी दोन ओळी. काठावर उतरायचं नाही, संध्याकाळी तर नाहीच. शेंगदाणे, पाव, काहीही टाकायचं नाही, कारण खाणं मिळतं तिथे मगर पुन्हा येते. 2024 च्या ऑगस्टमधल्या पुरात मगरी सोसायट्यांच्या रस्त्यांवर आल्या होत्या. तसं झालं तर मुलांना आत घ्या, कुत्र्याला आत घ्या, दार लावा आणि वनखात्याला कळवा. व्हिडिओ काढायला जवळ जाऊ नका. मगर जमिनीवर फार लांब पळत नाही, पण पहिले चार-पाच मीटर ती तुमच्या अंदाजापेक्षा चपळ असते.

म्युझियममधल्या देवमाशाच्या पंखात बोटांसारखी हाडं का आहेत?
(इयत्ता पाचवीतली मुलगी, कारेलीबाग)

छान पाहिलंस. कमाटीबागेतल्या म्युझियममधला तो सुमारे 70 फुटांचा सांगाडा बघायला सगळे जातात, लांबी बघून ‘बापरे’ म्हणतात आणि बाहेर येतात. बोटांकडे कुणी बघत नाही.

‘देवमासा’ हे नावच फसवं आहे. तो मासा नाही. तो फुप्फुसांनी श्वास घेतो आणि त्याची आई पिल्लाला दूध पाजते. त्याचे पूर्वज चार पायांवर चालणारे प्राणी होते. पुढच्या पायांचं वल्हं झालं, पण आतली हाडं राहिली: दंडाचं एक, कोपराखालची दोन, मनगटाचे तुकडे आणि मग बोटं. निळ्या देवमाशाच्या वल्ह्यात चार बोटं असतात. मागचे पाय गेले, पण कमरेची दोन छोटी हाडं अजून आहेत, पाठीच्या कण्याला न जोडलेली.

पुन्हा गेलीस तर तीन गोष्टी कर. कवटीपासून शेपटीच्या टोकापर्यंत पावलं मोज; तुझं एक पाऊल दोन फुटांचं धरलं तर 35 च्या आसपास भरायला हवीत. जबड्यात दात शोध. सापडणार नाहीत, कारण हा प्राणी तोंडातल्या झालरीने पाणी गाळून बोटाएवढे, कोळंबीसारखे क्रिल खातो आणि ती झालर आपल्या नखांच्याच द्रव्याची असते. आणि मानेचे मणके मोज: सात. तुझ्या मानेत सात, जिराफाच्याही मानेत सातच. देवमाशाचे चपटे होऊन एकमेकांना खेटलेत, जिराफाचे लांबलेत, संख्या तीच.

बाहेर पडल्यावर एक तुलना. मासा आणि मगर पोहताना शेपटी डावी-उजवीकडे हलवतात. देवमासा वर-खाली हलवतो. धावणाऱ्या कुत्र्याची पाठ बघ, तीही वर-खालीच वाकते. सस्तन प्राण्यांचा कणा असाच वाकतो, आणि समुद्रात जाऊनही देवमाशाने ती सवय सोडलेली नाही.

पाल अन्नात पडली तर विषबाधा होते म्हणतात. नातू म्हणतो, पाल विषारी नसतेच. आमच्यात पैज लागली आहे.
(एक आजोबा, मांडवी)

पैज नातवाने जिंकली, पण अन्न टाकूनच द्यायचं. घरातल्या पालीला विषाची ग्रंथी नसते. मात्र तिच्या विष्ठेत आणि कातडीवर साल्मोनेलासारखे जंतू असू शकतात, त्यांनी जुलाब-उलट्या होतात. तेव्हा अर्धा पैसा तुमचाही.

आता नातवासाठी खरी मजा. रात्री खोलीतला दिवा लावा आणि खिडकीच्या काचेवर बाहेरून बसलेली पाल आतून बघा. काचेला टेकलेली बोटं खालून दिसतात, आणि प्रत्येक बोटाखाली आडव्या पट्ट्या. त्या पट्ट्यांवर लाखो सूक्ष्म केस, प्रत्येकाची टोकं पुन्हा फाटलेली. गोंद नाही, चोखणही नाही. केस आणि भिंत इतके जवळ येतात की दोघांच्या रेणूंमधली ओढच तिला धरून ठेवते. उचलताना ती बोट टोकाकडून वर गुंडाळते, चिकटपट्टी सोलावी तसं. कोरड्या नॉनस्टिक तव्याच्या गुळगुळीत लेपावर मात्र तिची पकड बसत नाही. मादी असेल तर पोटाच्या पातळ कातडीतून दोन पांढरी अंडीही दिसू शकतात. चष्मा लावून बघा, आजोबा.

शेपटीचं म्हणाल तर तुटायची जागा आधीच ठरलेली असते. दोन मणक्यांच्या मध्ये नव्हे, एकेका मणक्याच्या मधोमध फट असते. स्नायू आवळले की शेपटी तिथे सुटते आणि काही मिनिटं वळवळते. मांजर तिच्याशी खेळतं, पाल पसार. नवी शेपटी येते, पण तिच्यात हाडाचे मणके नसतात, कूर्चेची नळी असते. रंग आणि खवलेही वेगळे. ट्यूबलाइटजवळच्या पाली रोज मोजा आणि किती जणींची शेपटी दुसरी आहे ते लिहून ठेवा. फार पाली जोडाच्या खुणेच्या निघाल्या, तर शंकेची पाल सोडून मांजराकडे बघा.

मुंग्यांना रांगेत चालायला कोण शिकवतं? खडूची रेघ त्या का ओलांडत नाहीत?
(इयत्ता तिसरीतल्या मुलाची आई, अलकापुरी)

कुणी शिकवत नाही, वास शिकवतो. खाऊ सापडलेली मुंगी परतताना पोटाचं टोक जमिनीला टेकवत जाते आणि वासाची रेघ ओढते. पुढची मुंगी त्या रेघेवरून जाते, खाऊ मिळाला तर तीही रेघ गडद करते. खाऊ संपला की रिकामी परतणारी मुंगी रेघ ओढत नाही, जुना वास उडून जातो, रांग मोडते. मुकादम नसलेलं एवढं शिस्तीचं काम दुसरं नाही.

हे घरी बघता येतं. वहीचा एक साधा कागद घ्या, चकचकीत नको. बाटलीच्या झाकणात पाव चमचा साखर, वर दोन थेंब पाणी. मुंग्यांच्या वाटेवर कागद पसरा आणि झाकण कागदाच्या पलीकडे, जमिनीवर ठेवा. रांग कागदावरून जायला लागली की घाई करू नका, आणखी अर्धा तास थांबा. मग कागद जागच्या जागी चौथाई वळवा. झाकण हलवू नका. मुंग्या कागदाच्या कडेशी अडखळतील, आणि काही जणी वळलेल्या जुन्या रेघेवरून भलत्याच कडेला जातील, जिथे काहीच नाही.

फसतं ते बहुधा चार कारणांनी. दहाच मिनिटांत कागद वळवला, तर वास पुरेसा बसलेला नसतो. फरशी फिनाईलने पुसलेली असते. पंखा जोरात चालू असतो. किंवा मुंग्या चुकीच्या निवडल्या जातात: त्या सैरावैरा धावणाऱ्या लांब पायांच्या काळ्या मुंग्या सरळ रांग नीट धरत नाहीत, आणि लाल मुंग्या चावतात. बारीक, शांत, रांगेतल्या घ्या. एकही मुंगी चिरडू नका. चिरडलेल्या मुंगीतून धोक्याचा वास सुटतो आणि बाकीच्या पांगतात.

खडूचं गंभीरपणे घ्या. फळ्याच्या खडूची पूड टाकली तर वासाची रेघ झाकली जाते आणि मुंग्या थोडा वेळ गोंधळतात, इतकंच. बाजारात मुंग्या-झुरळांसाठी मिळतो त्या खडूत कीटकनाशक असतं. दिसायला तो शाळेच्या खडूसारखाच, म्हणून तो मुलांच्या हाती लागू नये, आणि ओट्यावर तर ओढूच नये.

वटवाघूळ उलटं लटकून झोपतं, मग पडत कसं नाही? आणि शू कशी करतं?
(इयत्ता दुसरीतला मुलगा, वाडी)

दुसरा प्रश्न जास्त चांगला आहे, पण आधी पहिला. आपण दांडीला लटकलो की स्नायू आवळून धरावे लागतात, म्हणून हात दुखतात. वटवाघळाचं वजन खाली ओढलं गेलं की पायातल्या, स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या दोऱ्या आपोआप ताणतात, नखं मिटतात आणि कुलूप बसतं. सोडायलाच कष्ट, धरायला नाहीत.

शू करायची वेळ आली की ते पंखांच्या अंगठ्यांनी फांदी धरतं, पाय सोडतं, सरळ होतं, काम उरकतं आणि पुन्हा उलटं. कोरडं राहतं!

वडावर लटकणारी मोठी फळखाऊ वटवाघळं आंधळी नसतात. त्यांचे डोळे मोठे असतात आणि ती बघून, वास घेऊन फळं शोधतात. अंधारात आवाजाच्या प्रतिध्वनीवर उडतात ती किडे खाणारी छोटी वटवाघळं. मोठ्यांचे पंख पसरले तर सव्वा मीटरच्या आसपास भरतात, म्हणजे तुझ्या उंचीएवढे. फळं खाऊन ती बिया दूरवर टाकतात. गावाच्या नावातही वड आणि या प्राण्याच्या नावातही ‘वट’, तेव्हा शेजाऱ्याचा मान त्यांना द्यायला हवा. मात्र खाली पडलेलं वटवाघूळ हाताने उचलायचं नाही, आणि चावलेलं फळ खायचं नाही; त्यांच्या लाळेतून आजार येऊ शकतात.

गोल्डफिशला तीन सेकंदांपुरतंच आठवतं, असा मेसेज आला आहे.
(इयत्ता सातवीतली मुलगी, फतेगंज)

मेसेज खोटा आहे. रोज एकाच वेळी, एकाच कोपऱ्यात काचेवर हलकेच दोन टिचक्या मार आणि लगेच तिथे खाणं टाक, दोन मिनिटांत संपेल एवढंच. दोन-तीन आठवड्यांत टिचकी वाजताच मासा त्या कोपऱ्यात येईल. जास्त टाकलंस तर उरलेलं सडतं, पाणी गढूळ होतं, आणि तुझा प्रयोग माशासकट बुडतो. पाणी बदलताना चौथा भागच बदल, आणि नळाचं पाणी एक दिवस उघड्या बादलीत ठेवून मगच वापर. क्लोरीन माशाच्या कल्ल्यांना जाळतं.

गाईला चार पोटं असतात का?
(इयत्ता तिसरीतली मुलगी, राजमहल रोड)

पोट एकच, कप्पे चार. शिवाय गाईच्या वरच्या जबड्यात पुढचे दातच नसतात, तिथे कडक गादी असते. रवंथ करणारी गाय दिसली की थोडं लांब उभी राहून एका घासाला ती किती वेळा चावते ते मोज. साधारण चाळीस-पन्नास भरतील. मग गळ्यातून एक गोळा खाली उतरताना दिसेल, आणि क्षणभराने दुसरा वर चढताना.