टेस्टच्या वेळी सेटिरिझिन चालू होती का?
तुम्ही लिहिलंय की दरवर्षी गणपती गेले की दिवाळीपर्यंत सकाळी उठल्या उठल्या शिंका, डोळे चोळून चोळून लाल, आणि स्किन प्रिक टेस्ट (कातडीवर टोचून करतात ती अ‍ॅलर्जीची तपासणी) मात्र सगळी निगेटिव्ह. डिट्टो माझी केस, म्हणून लिहितोय. डॉक्टर नाहीये मी, नुसता भोगलेला पेशंट.

टेस्टच्या वेळी सेटिरिझिनसारखी अ‍ॅलर्जीची गोळी चालू होती का? असेल तर कातडीवर गांधी उठतच नाही. साधारण आठवडाभर आधी बंद करावी लागते, डॉक्टरांना विचारूनच. मी जिथे टेस्ट केली त्यांनी फोनवर फक्त पैसे किती आणि पार्किंग नाही एवढंच सांगितलं. बरं, या टेस्टमध्ये एक टोचा मुद्दाम हिस्टामिनचा (अ‍ॅलर्जीत शरीर सोडतं ते रसायन) असतो, तिथे गांधी यायलाच पाहिजे, नाही आली तर अख्खी टेस्ट बाद. माझ्या रिपोर्टवर हिस्टामिनपुढे चक्क शून्य, आणि खाली ठळक अक्षरात 'अ‍ॅलर्जी नाही'. विचारायला गेलो तर काउंटरवरचा म्हणतो, सर सही झालीय, परत करायची तर परत पैसे भरा! त्या एका कागदापायी पुढचा अख्खा सीझन जो तो मला 'साधी सर्दी आहे, वाफ घ्या' सांगत होता. अजून आठवलं की डोकं फिरतं.

तर आधी रिपोर्टमधली ती हिस्टामिनची ओळ बघा. गोळी बंद करणं जमत नसेल तर रक्तातली स्पेसिफिक आयजीई (ठराविक गोष्टीच्या अ‍ॅलर्जीची प्रतिपिंडं मोजणारी तपासणी) करता येते, तिला गोळीचा फरक पडत नाही, पण महाग. नुसत्या टोटल आयजीईवर पैसे घालवू नका, ती जंतांनीही वाढते.

माझ्या अ‍ॅलर्जीचं कारण निघालं गाजर गवत. १९५० च्या दशकात पुण्यात दिसलं आणि आता कुठला मोकळा प्लॉट त्याच्याशिवाय नाही, पाऊस पडला की फोफावतं.

माझ्या मते (सगळ्यांना पटणार नाही) स्टेरॉइडच्या नेझल स्प्रेला उगाच घाबरतात लोक. पण तो रोज मारायचा, गुण यायला एक-दोन आठवडे जातात, आणि नळी मधल्या पडद्याकडे नाही, बाहेरच्या बाजूला धरायची, नाहीतर रक्त येतं. नाक चटकन मोकळं करणारे झायलोमेटाझोलिनचे थेंब मात्र चार-पाच दिवसांवर नको, नाक उलट जास्त चोंदतं. मोंटेलुकास्टवाली जोडगोळी (अ‍ॅलर्जीची दोन औषधं एकाच गोळीत) कुणी दिली आणि झोप उडाली, मूड बिघडला तर लगेच डॉक्टरांना सांगा. छातीत शिट्टी वाजत असेल तर इथे विचारत बसूच नका.

आणि सोसायटीत गवत उपटायची मोहीम निघाली तर तुम्ही चहाची व्यवस्था बघा, उपटायला ज्यांना त्रास नाही ते जातील, हातमोजे घालून, फुलं यायच्या आत.