खडी बरी की डांबर?

प्रश्न: पूर्वी फॉर्म्युला वनची गाडी ट्रॅकबाहेर गेली की खडीत रुतायची, खेळ खल्लास. आता डांबरी रनऑफवरून (ट्रॅकबाहेरच्या मोकळ्या जागेवरून) ड्रायव्हर निवांत फिरून परत येतात. हे सेफ्टीच्या नावाखाली लाडच नाहीत का? आणि परत येताना कुणी आडवं आलं तर चूक कोणाची?

उत्तर: लाड वाटतात खरे, पण खडीचा भरवसा नसतो. गाडी जोरात सरळ आत शिरली तर रुतण्याऐवजी वरूनच घसरत जाते, १९९९ ला ब्रिटनच्या सिल्व्हरस्टोन ट्रॅकवर ड्रायव्हर शूमाकरचे ब्रेक गेले तेव्हा खडी पार करून तो थेट टायरच्या भिंतीत घुसला आणि पाय मोडला. आडवी शिरली तर चाक अडकून पलटीच, मेलबर्नला २०१६ मध्ये ड्रायव्हर अलोन्सोच्या गाडीचं काय झालं ते आठवा. डांबरावर निदान ब्रेक तरी लागतो.

पण तिथे गाडी थांबत नाही ना, मग ती परत येते, तीही वेगात आणि कचरा चिकटलेल्या टायरवर. नियम सांगतो की धोका नसेल तेव्हाच यायचं आणि फायदा उकळायचा नाही, म्हणजे जबाबदारी परत येणाऱ्याची. २०१९ ला मॉन्ट्रियलमध्ये आघाडीवरचा ड्रायव्हर फेटेल गवतावरून परत आला तो मागून येणाऱ्या हॅमिल्टनच्या पुढ्यातच, हॅमिल्टनला भिंतीजवळ ब्रेक मारावा लागला, फेटेलला ५ सेकंदांची पेनल्टी बसली आणि पहिला येऊनही शर्यत गेली. तो म्हणाला गाडी ताब्यातच नव्हती, लोक अजून यावर भांडतात, पण ताब्यात नव्हती तर मागच्याने काय करायचं हो? मला पेनल्टी पटते.

खरा तोडगा मला ऑस्ट्रियात दिसला. २०२३ ला तिथे ट्रॅक लिमिटच्या (चारही चाकं ट्रॅकच्या रेषेबाहेर गेल्याच्या) १२०० च्या वर केसेस तपासाव्या लागल्या, पुढच्या वर्षी शेवटच्या दोन वळणांवर कर्बला (ट्रॅकच्या कडेच्या रंगीत उंचवट्याला) लागून खडीची अरुंद पट्टी टाकली आणि बोंबाबोंब एकदम कमी झाली. पट्टीवर गेलं की वेळ जातो, त्यामुळे मुद्दाम कुणी जात नाही, आणि पलीकडे डांबर आहेच.

प्रश्न: कार्टिंग (छोट्या उघड्या गाड्यांची रेसिंग) करताना स्पिन झालो, म्हणजे गाडी गरकन फिरली तर?

उत्तर: ब्रेक दाबून धरा, गाडी मागे घरंगळू देऊ नका, ती कुठे थांबणार हे मागच्यांना कळलं पाहिजे. मग मार्शल (ट्रॅकवरचा सुरक्षा कर्मचारी) सांगेल तसं करा, आणि निघालात की कडेकडेने, रेसिंग लाइन (ज्या सर्वात वेगवान मार्गाने बाकीचे जातात ती) लगेच कापू नका.