गेटवेजवळच्या जेट्टीसारखा वाद जळगाव जिल्ह्यातल्या हतनूर धरणाच्या जलाशयात बोटींचा धक्का वाढवतानाही होऊ शकतो का?

होऊ शकतो, पण त्याच नियमांवरून नाही. मुंबईत गेटवे ऑफ इंडियालगतच्या नियोजित जेट्टीविरुद्ध कुलाब्याच्या रहिवाशांनी किनारा नियमन क्षेत्राची (समुद्र आणि भरतीचे पाणी पोहोचते त्या काठांवरील बांधकामांसाठीची) परवानगी, वारसा परिसर आणि वाहतूक हे मुद्दे उच्च न्यायालयात मांडले होते. जुलै २०२५ मध्ये न्यायालयाने प्रकल्प अडवला नाही. मात्र जेट्टीच्या आराखड्यातले अॅम्फिथिएटर (पायऱ्यांची बैठक) केवळ प्रवाशांच्या प्रतीक्षेसाठी वापरावे आणि बसून जेवणाची सोय नसावी, अशा अटी घातल्या. (माझ्या मते खरी ठिणगी या जादा सोयींचीच होती.)

हतनूर तापीवर असले तरी भरतीचे पाणी भुसावळपर्यंत येत नाही, त्यामुळे किनारा नियमन येथे लागूच होत नाही. पाणथळ जागांच्या संरक्षणाचे २०१७ चे नियमही सिंचनासाठी बांधलेल्या जलाशयांना व्याख्येतूनच वगळतात. उरतो तो जलसंपदा विभाग, ज्याच्या परवानगीविना जलाशयात काहीही बांधता येणार नाही, आणि बोटींची नोंदणी व तपासणी सांगणारा २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा. हिवाळ्यात स्थलांतरित बदके उतरतात तो उथळ काठ मात्र मागूच नये, कारण पक्षीमित्रांची हरकत तिथेच येईल. शिवाय पावसाळ्यात धरणाच्या ४१ दरवाजांपैकी बरेच उघडले की प्रवाह आणि पातळी दोन्ही बदलतात, म्हणून अर्ज तरंगत्या धक्क्याचाच करावा.