दहावीनंतर शाळा सुटली असेल तर

वहिनी, सिएटलला येऊन स्थिरावलात, आता कॉलेजचं बघताय, हे छान. इथल्या कम्युनिटी कॉलेजात चाळिशीतली बाई वर्गात बसली तर कुणी वळूनही बघत नाही, ती लाज आधी सोडा.

सुरुवातीला कासास नावाची चाचणी घेतील. मुलाला शेजारी बसवून अभ्यास करून जाऊ नका. ती नापास करायला नसते, तुम्हाला कोणत्या पातळीवर बसवायचं ते त्यावरून ठरतं. वरच्या वर्गात उगाच गेलात तर फरफट होते.

मग सगळे जीईडीच करा म्हणतील, म्हणजे इथल्या हायस्कूलच्या डिप्लोमाच्या तोडीची परीक्षा. चार विषय, प्रत्येकात 145 गुण, एकेक करून देता येतात. वाईट नाही. पण तुम्हाला रुग्णसेवेचं काम हवंय ना? मग थेट आय-बेस्टबद्दल विचारा. ही पद्धत वॉशिंग्टन राज्यातच सुरू झाली. वर्गात दोन शिक्षक असतात: एक नर्सिंग असिस्टंटचं काम शिकवतो, दुसरा त्याच कामाला लागणारं इंग्रजी आणि गणित. आधी वर्षभर व्याकरण आणि मग नोकरीचं शिक्षण, असं थांबावं लागत नाही. माझ्या मते तुमच्यासारखीला हेच बरं. रक्तदाब मोजताना शिकलेला शब्द डोक्यात राहतो, वहीतल्या यादीतला नाही.

हायस्कूल प्लसचीही चौकशी करा, म्हणजे मोठ्यांना हायस्कूलचा डिप्लोमा मिळवून देणारा कॉलेजातला कार्यक्रम. त्यात घरकाम, नोकरी यांतला अनुभवही श्रेयांकासाठी धरला जाऊ शकतो. दहावीची गुणपत्रिका सोबत न्याच. आणि फी भरण्याआधी सल्लागाराची वेळ घ्या, तो फुकट असतो.